उघड्या बाटलीवर बोलू नये

कॉलेजच्या पत्रात होतं: सहा आठवडे, विनावेतन,
'प्रत्यक्ष कामाचा अनुभव'.
सावद्याच्या पुढं, रावेर रस्त्याला, केळीच्या बागांमध्ये
एक पांढरी, बिनखिडक्यांची इमारत.
बाहेर मे महिना, पारा पंचेचाळिसाच्या वर.
आत पंचवीस अंश, रात्रंदिवस ट्यूबलाइट,
आणि मांडण्यांवर, काचेच्या बाटल्यांत,
नखाएवढी केळी.

मी कोरी वही नेली होती. दोन रंगांची पेनं.
पहिले नऊ दिवस बाटल्या धुतल्या.

ब्रश, साबण, तळाला चिकटलेली जुनी जेली,
पालथ्या बाटल्यांचे क्रेटवर क्रेट.
घरी पप्पा विचारायचे, आज काय शिकवलं?
मी म्हणायची, माध्यम तयार करणं.
अगदीच खोटं नव्हतं ते.

दहाव्या दिवशी फिरके सरांनी जैतुनबीशेजारी बसवलं.
जैतुनबी तडवी, पालची, नववी नापास,
अकरा वर्षं ह्याच खुर्चीत.
चिमटा ज्योतीत. मग गार होईस्तोवर दोन श्वास.
कोंब उचलायचा, काळं तेवढं छाटायचं, मधोमध चीर,
दोन्ही फाका नव्या बाटलीत, झाकण.
ह्याच विषयावर मी वर्गात वीस स्लाइड दाखवल्या होत्या.
त्यांत ते दोन श्वास नव्हते.

"एक ध्यानात ठेव," झाकण लागल्यावर ती म्हणाली,
"उघड्या बाटलीवर बोलू नाही.
राग आला तरी, हसू आलं तरी.
तोंडातून काय पडते ते आज दिसत नाही.
आठ दिवसांनी दिसते."

मी बोलले असणार.
आठ दिवसांनी माझ्या चाळीस बाटल्यांपैकी सव्वीस
दुधाळ, काहींत हिरवी बुरशी,
आणि प्रत्येक लेबलावर माझी आद्याक्षरं,
हौसेनं काढलेली, वळणदार.

फिरके सर रागावले नाहीत.
रजिस्टर पुढं सरकवलं: दिनांक, बॅच, नग, कारण.
कारणाच्या रकान्यावर पेन धरून मी खूप वेळ बसले.
कॉलेजात चूक झाली तर माझे मार्क जात.
इथं झाडं गेली होती.
शेवटी लिहिलं: बोलले.
सरांनी वाचलं, खाली सही केली,
आणि चहा सांगितला. दोन.

डब्याच्या सुट्टीत जैतुनबीनं कळण्याच्या भाकरीचा चतकोर माझ्यापुढं केला.
"तुमच्या कॉलेजात ह्याचं काय सांगतात?"
मी सांगितलं, एका बाटलीत नुसते कोंब का वाढतात,
दुसरीत मुळ्या का फुटतात,
कोणतं संप्रेरक किती, कशाला.
ती चावता चावता थांबली.
"म्हणजे औषध येगळं असते व्हय!
मी समजू, आत राहून राहून कंटाळते,
म्हनून पाय काढते बिचारी."
मी दोन्ही कारणं वहीत उतरवली.
तिचं लाल पेनानं.

शेवटच्या आठवड्यात शेडनेटमध्ये.
बाटलीतून काढलेली रोपं, कोकोपीटमध्ये पहिल्यांदा,
वाऱ्यानं नव्हे, वाऱ्याच्या नुसत्या शंकेनं मान टाकणारी.
मला त्यांची माझ्याशी तुलना सुचायला लागली होती,
तेवढ्यात सर म्हणाले, ट्रे उचला,
आणि ती राहून गेली. ट्रे जड होते.

प्रमाणपत्रावर छापलं होतं: हर्षद झोपे.
इंग्रजीतलं शेवटचं अक्षर गळून
माझा मुलगा झाला होता.
सर म्हणाले, प्रिंटर बंद, सोमवारी या.
जैतुनबीनं लेबलाचं पेन काढलं
आणि बॅच नंबर घालते तसा, नावाला चिकटून,
एक नीटस 'ए' लावला.
मी सोमवारी गेले नाही.

आता घरी दुधाच्या पातेल्यावरचं झाकण काढलं
की मी आपोआप गप्प होते.
मम्मी म्हणते, मुक्याचं व्रत धरलं का?

जूनमध्ये तोंडी परीक्षा.
बाहेरून आलेल्या परीक्षकांनी प्रमाणपत्र उलटसुलट केलं,
निळ्या शाईतल्या 'ए'पाशी जरा अडखळले,
मग विचारलं:
"सहा आठवड्यांत नक्की काय शिकलात?"

मी दोन श्वास थांबले.